रात्री तीन वाजताचं प्रेशर

काचबिंदूच्या ओपीडीत एक चित्र वरचेवर दिसतं. साठीच्या आसपासच्या एक बाई खुर्चीत बसल्या आहेत, मांडीवर फाइल. फाइलमध्ये गेल्या दोन वर्षांतले डोळ्याच्या प्रेशरचे आकडे ओळीनं लिहिलेले: १६, १५, १७, १६. थेंब त्या न चुकता घालतात, तारखेला तपासणीला येतात. तरीही शेजारच्या खोलीतून नुकत्याच आलेल्या, नजरेचा आवाका तपासणाऱ्या ‘फील्ड टेस्ट’च्या कागदावरचा काळा डाग मागच्या वेळेपेक्षा थोडा पसरलेला आहे. “प्रेशर तर नॉर्मल आहे ना, डॉक्टर? मग नजर का जातेय?”

प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरं एकाहून जास्त आहेत, पण त्यातलं एक असं: फाइलमधले सगळे आकडे खरे आहेत आणि ते सगळे सकाळी अकरा ते दुपारी एकच्या दरम्यानचे आहेत. रात्री तीन वाजता याच डोळ्यात प्रेशर किती असतं, हे कोणी कधी पाहिलेलंच नाही.

ते पाहायचं तर मोजणारं यंत्र दवाखान्यात ठेवून भागत नाही. ते डोळ्यातच असायला हवं.

तुंबलेली मोरी

आधी हे प्रेशर येतं कुठून, ते पाहू. डोळ्याच्या पुढच्या भागात, भिंग आणि पारदर्शक कॉर्निया यांच्यामध्ये, एक स्वच्छ पाणी सतत खेळत असतं. हे अश्रू नव्हेत. अश्रू बाहेरून वाहतात. आतलं पाणी बुबुळामागच्या एका झालरीसारख्या कड्यातून पाझरतं, भिंगाला आणि कॉर्नियाला पोसतं आणि बुबुळाच्या कडेशी असलेल्या बारीक जाळीतून रक्तात निघून जातं. पाझर अगदी मंद, मिनिटाला साधारण दोन-अडीच मायक्रोलिटर. म्हणजे औषधाच्या एका थेंबाइतकं पाणी तयार व्हायला वीसेक मिनिटं लागतात.

घरातल्या मोरीचंच उदाहरण घ्या. नळ बारीक धारेनं चालू आहे आणि जाळीतून पाणी तेवढ्याच वेगानं जातंय, तोवर फरशी कोरडी. जाळीत केस, साबण, भाताची शितं अडकली की नळ तितकाच असूनही पाणी साचायला लागतं. डोळ्याची खोली बंद असते, पाण्याला ओसंडायला जागा नसते, म्हणून पातळी वाढण्याऐवजी दाब वाढतो. काचबिंदूच्या सगळ्यांत सर्रास आढळणाऱ्या प्रकारात हेच होतं: जाळी वर्षानुवर्षं हळूहळू निकामी होत जाते.

हा दाब रक्तदाबासारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात. साधारण १० ते २१ हा निरोगी पल्ला मानला जातो. १५ मिलिमीटर म्हणजे वीतभर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. ऐकायला काहीच नाही. पण डोळ्याच्या मागच्या भिंतीत एक नाजूक जागा आहे. दहा-बारा लाख तंतूंची डोळ्याची नस तिथून चाळणीसारख्या पडद्यातून बाहेर पडून मेंदूकडे जाते. दाब वाढला की ही चाळणी मागे वाकते, तिच्या छिद्रांत तंतू चिमटले जातात आणि मरतात. मेलेला तंतू परत उगवत नाही. नजर कडेकडेनं जाते, दुखत नाही, आणि समोरचं वाचता येत असल्यामुळे कळतही नाही. नावातल्या साम्यामुळे कित्येक घरांत काचबिंदूला मोतीबिंदू समजून ‘पिकू दे, मग ऑपरेशन करू’ म्हणून थांबतात. मोतीबिंदूत गेलेली नजर परत मिळते. काचबिंदूत मिळत नाही, आणि त्या थांबण्याची किंमत फार मोठी असते.

निळा दिवा, दोन अर्धवर्तुळं

आजही डोळ्याचं प्रेशर मोजायची सर्वमान्य पद्धत म्हणजे स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या हान्स गोल्डमन यांनी १९५० च्या दशकात आणलेला टोनोमीटर. ज्यानं तपासून घेतलंय त्याला ते लगेच आठवेल: डोळा बधिर करणारा थेंब, मग पिवळा रंग, हनुवटी टेकवायची, आणि निळा दिवा जवळजवळ येत थेट डोळ्याला टेकतो. डॉक्टरांना पलीकडून दोन हिरवट अर्धवर्तुळं दिसतात. चकती फिरवत ती एकमेकांना नेमकी भिडवली की आकडा वाचायचा.

तत्त्व साधं आहे. फुगवलेल्या चेंडूचा थोडासा भाग सपाट करायला किती जोर लागतो, त्यावरून आतली हवा किती ते कळतं. गोल्डमन यांनी सपाट करायच्या वर्तुळाचा व्यास ३.०६ मिलिमीटर इतका नेमका ठरवला. या मापाला कॉर्नियाचा ताठरपणा आणि अश्रूंची ओढ एकमेकांना जवळपास छेद देतात, आणि शिवाय लागलेल्या जोराच्या ग्रॅमला दहानं गुणलं की थेट मिलिमीटर मिळतात. सुंदर हिशोब आहे हा. पण तो सर्वसाधारण जाडीचा, सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा कॉर्निया धरून केलेला. चष्मा घालवण्याच्या लेझर शस्त्रक्रियेनंतर कॉर्निया पातळ झालेला असला, तर यंत्र खऱ्याहून कमी आकडा दाखवतं.

त्याहून मोठी अडचण वेळेची. खडकवासला धरणाची पातळी वर्षातून चार वेळा, तीही दुपारी बारा वाजताच मोजायची आणि त्यावर विसर्ग ठरवायचा, असं कोणी म्हणालं तर आपण मान्य करू का? काचबिंदूच्या रुग्णाचा वर्षभराचा औषधोपचार मात्र अशाच काही सेकंदांच्या मोजणीवर उभा असतो.

झोपलेल्या डोळ्यात काय होतं

अमेरिकेतल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठात जॉन लिऊ, रॉबर्ट वाइनरेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निद्रा-प्रयोगशाळेत लोकांना रात्रभर ठेवून, दर दोन तासांनी उठवून, झोपल्या स्थितीतच प्रेशर मोजलं. बहुतेकांत सर्वांत मोठा आकडा रात्रीचा निघाला.

यात एक कोडं आहे. रात्री डोळ्यातलं पाणी तयार होण्याचा वेग जवळपास निम्मा होतो. नळ अर्धा बंद, तर दाब उतरायला हवा. तो चढतो, कारण आडवं झालं की डोक्या-चेहऱ्याच्या शिरांमधला दाब वाढतो. मोरीचं पाणी ज्या गटारात जायचं, ते गटारच भरलेलं, म्हणून पाणी मागे तटतं. या एका गोष्टीतून औषधांबद्दलही बरंच कळतं. टिमोलॉलसारखे थेंब नळ बारीक करतात. रात्री नळ आधीच बारीक असतो, त्यामुळे त्या वेळी ते फारसं काही करू शकत नाहीत. लॅटानोप्रोस्टसारखे थेंब पाण्याला बाहेर जायचा दुसरा रस्ता मोकळा करतात आणि त्यांचा परिणाम रात्रीही टिकतो. सकाळी अकराच्या मोजणीत मात्र दोन्ही औषधं सारखीच गुणकारी दिसू शकतात.

दिवसाही दाब स्थिर नसतो. अलाबामा विद्यापीठातल्या क्रॉफर्ड डाउन्स यांच्या गटानं माकडांच्या डोळ्यांत संवेदक बसवून अखंड नोंद घेतली, तेव्हा पापणी मिटली तरी दाब क्षणभर दहाएक मिलिमीटरनं उसळताना दिसला. आपल्या जवळचं उदाहरण शीर्षासनाचं. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातल्या डॉक्टरांनी नियमित योगाभ्यास करणाऱ्यांची तपासणी केली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शीर्षासनात प्रेशर दुप्पट होत असल्याचं आढळलं. काचबिंदू असलेल्यांनी शीर्षासन टाळावं, असं डॉक्टर सांगतात ते यामुळेच.

जुन्या रेडिओचा खुंटा

मोजणारं यंत्र डोळ्याच्या आतच ठेवायची कल्पना आजची नाही. १९६७ साली अमेरिकेत कार्टर कॉलिन्स यांनी डोळ्यात बसेल एवढी चिमुकली दाबमापक कुपी तयार केल्याचं शोधनिबंधात मांडलं आणि ती सशांच्या डोळ्यांत वापरून दाखवली. तिच्यात ना बॅटरी होती, ना बाहेर येणारी तार.

ती चालायची कशी, हे ज्यांनी खुंटा फिरवून विविधभारती लावलंय त्यांना पटकन कळेल. त्या खुंट्याला आतून धातूच्या पातळ पट्ट्यांचा एक कंडेन्सर जोडलेला असे. खुंटा फिरवला की पट्ट्यांची एकमेकांसमोरची मांडणी बदले, आणि रेडिओ ज्या कंपनसंख्येला साद देतो ती बदले. एक वेटोळं आणि एक कंडेन्सर एकत्र जोडले की त्यांची स्वतःची अशी एक कंपनसंख्या ठरते, जशी झोपाळ्याला त्याची लय असते.

डोळ्यातल्या संवेदकात खुंटा फिरवायला हात नाही; ते काम दाब करतो. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण अंगठ्यानं दाबलं की किंचित आत जातं, तसा त्याचा पातळ पडदा प्रेशर वाढलं की आत वाकतो. पडद्यावर एक धातूचा थर, समोर दुसरा. अंतर कमी झालं की विद्युतधारकता वाढते आणि कंपनसंख्या खाली येते. बाहेर धरलेल्या वेटोळ्यानं ती ओळखायची, बस. हृदयाच्या रुग्णांच्या फुफ्फुसधमनीत बसवायचा, अमेरिकेत २०१४ मध्ये मंजुरी मिळालेला कार्डिओमेम्स हा संवेदकही याच घराण्यातला.

कल्पना १९६७ ची, तर माणसाच्या डोळ्यात पोचायला इतकी वर्षं का लागली? कारण ससा काही आठवड्यांचा प्रयोग असतो. माणसाच्या डोळ्यात ते यंत्र वर्षानुवर्षं खाऱ्या पाण्यात बुडून राहणार, आणि त्यानं ना गंजायचं, ना हट्ट धरून चुकीचं सांगायचं, ना डोळ्याला डिवचायचं.

हॅनोव्हरची कडी

या वाटेवर सर्वांत पुढे गेलेलं नाव म्हणजे जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या इम्प्लांडाटा कंपनीचं ‘आयमेट’. ती सिलिकॉनमध्ये बंद केलेली एक मऊ कडी आहे: बाहेरचा व्यास ११.३ मिलिमीटर, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढा, मध्ये ७ मिलिमीटरचं भोक आणि जाडी ०.९ मिलिमीटर. तिच्यात दाबाचे आठ संवेदक, एक चिप आणि सोन्याच्या तारेचं वेटोळं असतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करताना कृत्रिम भिंग बसवल्यावर ही कडी बुबुळाच्या मागच्या खाचेत सरकवतात. नजर मधल्या भोकातून जाते, त्यामुळे दिसण्यात अडथळा येत नाही.

तिलाही बॅटरी नाही. मेट्रोचं कार्ड गेटवर टेकवलं की हिरवा दिवा लागतो, ते कसं? कार्डात वीज नसते. गेटमधलं यंत्र चुंबकीय लहरी सोडतं, कार्डातल्या वेटोळ्यात त्यातून क्षणभर वीज जागी होते आणि तेवढ्यात कार्ड आपला क्रमांक सांगून टाकतं. डोळ्यातली कडी हेच करते, लहरीही त्याच पट्ट्यातल्या. रुग्ण हातातलं यंत्र डोळ्यासमोर काही सेंटिमीटरवर धरतो, बटण दाबतो, आणि आकडा पडद्यावर येतो. भूल नको, पिवळा रंग नको, स्पर्शही नको. कॉर्निया जाड की पातळ, हा प्रश्नच उरत नाही, कारण संवेदक त्याच्या आतल्या बाजूला, थेट पाण्यातच आहे.

इथे एक बारकावा आहे, आणि तो समजला की यंत्र अधिक आवडतं. डोळ्यातला संवेदक आतला सगळा दाब मोजतो, म्हणजे डोळ्याचा अधिक वातावरणाचा. मुंबईत समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे ७६० मिलिमीटर. डोळ्याचं प्रेशर १६ असेल तर संवेदकाला जाणवतात ७७६. तोच माणूस महाबळेश्वरला गेला की हवेचा दाब शंभराहून अधिक मिलिमीटरनं उतरतो. डोळ्याचं प्रेशर मात्र १६ च. म्हणून हातातल्या यंत्रात स्वतःचा वायुदाबमापक असतो. ते दर वेळी बाहेरची हवा मोजून वजा करतं. शेकड्यांतल्या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून एका-दोन मिलिमीटरचा फरक पकडायचा, इतकं नाजूक काम आहे हे.

| चौकट: प्रेशर घरी मोजायचे तीन मार्ग |
|---|
| टकटक करणारं यंत्र. फिनलंडच्या आयकेअरचं ‘होम’. बारीक टोकाची काडी डोळ्याला हलकेच टेकून परत उडते. ती किती झटकन मंदावते त्यावरून दाब कळतो. भूल लागत नाही. झोपेतली मोजणी मात्र होत नाही. |
| कॉन्टॅक्ट लेन्स. लोझानच्या सेन्सिमेडची ‘ट्रिगरफिश’. दाब बदलला की डोळ्याचा घेर सूक्ष्म बदलतो; लेन्समधली तार तो ताण टिपते. दर पाच मिनिटांनी तीस सेकंद, २४ तास, झोपेतही. अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी. चढउतार कळतो, पण आकडा मिलिमीटरमध्ये मिळत नाही. |
| आत बसवलेला संवेदक. शस्त्रक्रिया लागते. आकडा मिलिमीटरमध्ये, हवा तेव्हा, वर्षानुवर्षं. |

डोळा परक्याला सहजी मानत नाही

या कडीच्या पहिल्या मानवी चाचणीत सहा रुग्ण होते. त्यांतल्या काहींच्या डोळ्यांत शस्त्रक्रियेनंतर दाह झाला. तो औषधांनी काही दिवसांत ओसरला. बाहुलीचा आकार थोडा बिघडला, आणि कडी घासून बुबुळाचे रंगकण सुटलेलेही दिसले. कारण उघड होतं. बटणाएवढी वस्तू बुबुळामागच्या फटीत बसवायची, आणि प्रत्येक डोळ्याची ती फट सारखी नसते. मग कडीचा आकार सुधारला, पुढच्या चाचणीत २२ रुग्णांवर ती वापरली गेली आणि ती बऱ्याच अंशी सुखरूप ठरल्याचं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. युरोपात या कडीला विक्रीची परवानगी २०१७ मध्येच मिळाली होती.

नंतर कंपनीनं जागाच बदलली. नव्या आवृत्तीत संवेदक डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या आणि तिच्या आतल्या थराच्या मधल्या जागेत, काचबिंदूचं ऑपरेशन करतानाच ठेवतात. त्याची लांबी साडेसात मिलिमीटर. बुबुळाला घासायचा प्रश्न मिटला, आणि रुग्णाला मोतीबिंदू असायचीही गरज उरली नाही.

आकारापेक्षाही चिवट अडचण आहे ती भरकटण्याची. घरातला जुना वजनकाटा कसा हळूहळू अर्धा किलो पुढे सरकतो, तसा संवेदकाचा शून्य सरकतो: पडदा किंचित थकतो, त्यावर पेशी चिकटतात, आवरणातून ओलावा झिरपतो. काटा दुकानात नेऊन दुरुस्त करता येतो. डोळ्यातला बाहेर काढता येत नाही. त्याला अधूनमधून गोल्डमनच्या निळ्या दिव्याशी ताडून पाहावं लागतं. जुनं यंत्र असं नव्याचा गुरू बनून राहतं.

फुलपाखराचा पंख आणि थर्मामीटरची नळी

हे प्रश्न सोडवायला जे लोक भिडले, त्यांच्या युक्त्या थक्क करणाऱ्या आहेत.

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत ह्युक चू यांच्या गटानं वीज पूर्ण बाजूला ठेवली आणि प्रकाश वापरला. त्यांचा संवेदक म्हणजे मिलिमीटरहून लहान ढोल. दाबानं ढोलाची कातडी वाकली की तिच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाचा रंग बदलतो. बाहेरून उजेड टाकून तो रंग वाचायचा. पण तिरक्या कोनातून पाहिलं की वाचन बिघडे, आणि रुग्ण काही डोळा नेमका सरळ धरत नाही. उपाय सापडला तो काचेसारखे पारदर्शक पंख असलेल्या एका फुलपाखरात. त्या पंखांवर नजरेला न दिसणारे सूक्ष्म खांब असतात. तसेच खांब संवेदकावर उभे केल्यावर कोनाचा त्रास खूप कमी झाला. शिवाय त्या पृष्ठभागावर पेशीही फारशा चिकटेनात. सशांवरचे हे प्रयोग २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले.

स्टॅनफर्डचे स्टीफन क्वेक आणि इस्रायलच्या बार-इलान विद्यापीठाचे योसी मँडेल यांची युक्ती तर आजीच्या थर्मामीटरसारखी. कृत्रिम भिंगात एक सूक्ष्म नळी; एका टोकाला हवेची बंद कुपी, दुसरं टोक डोळ्याच्या पाण्यात उघडं. प्रेशर वाढलं की पाणी नळीत पुढे सरकतं आणि हवा दबते. पाणी कुठवर आलंय, ते मोबाइलच्या कॅमेऱ्याला एक भिंग जोडून फोटो काढून पाहायचं. ना चिप, ना वेटोळं. २०१४ चा हा प्रस्ताव आहे.

मिशिगन विद्यापीठानं २०११ मध्ये उलट टोक गाठलं: एक घन मिलिमीटरमध्ये आख्खा संगणक. दाबाचा संवेदक, स्मृती, पातळ बॅटरी आणि सौरघट, सगळं आत. दर पंधरा मिनिटांनी तो जागा होऊन दाब मोजणार आणि पुन्हा झोपी जाणार. दीड तास ऊन मिळालं की त्याचं पोट भरतं.

आज माणसांच्या डोळ्यांत मात्र यांतलं काही नाही. तिथवर पोचली आहे ती हॅनोव्हरची साधी, बिनबॅटरीची कडी. कल्पक असणं आणि पाण्यात टिकणं यांत टिकण्याचं पारडं जड ठरतं.

आकडे हाती आल्यावर

दाब उतरवण्याचा उपयोग होतो, याबद्दल शंका नाही. स्वीडनमधल्या एका मोठ्या अभ्यासात दर एक मिलिमीटर घटीमागे आजार बळावण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेला आढळला. म्हणूनच रात्रीचे चार-पाच मिलिमीटर दिसणं की न दिसणं याला महत्त्व आहे. २०२० मधल्या टाळेबंदीत दवाखान्यांतल्या नेहमीच्या तपासण्या खोळंबल्या होत्या, तेव्हा जर्मनीतले कडी बसवलेले रुग्ण घरून मोजत राहिले आणि डॉक्टर दुरून ते आकडे पाहत होते. अखंड मोजल्यामुळे नजर किती वाचते, याचा दीर्घकाळचा पुरावा मात्र अजून जमा व्हायचा आहे. एकेका मोजणीनं घाबरणारे रुग्ण आणि शेकडो आकड्यांतून नेमकं काय उचलायचं ते ठरवणारे डॉक्टर, दोघांनाही हे नवं आहे.

आपल्याकडची गोष्ट थोडी वेगळ्या ठिकाणी अडलेली आहे. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १.१२ कोटी लोकांना काचबिंदू असावा, असा २०१० चा अंदाज आहे. आणि आंध्र प्रदेश व तमिळनाडूतल्या पाहण्यांत दहातल्या नऊ जणांना आपल्याला तो आहे हे माहीतच नव्हतं. त्या नऊ जणांना सोन्याच्या वेटोळ्याची नव्हे, निळ्या दिव्याची आणि बाहुलीतून नस पाहणाऱ्या डॉक्टरची गरज आहे. घरात आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर चाळिशी उलटल्यावर चष्म्याच्या नंबरासोबत प्रेशर आणि नस तपासून घ्यायलाच हवी.

पण त्या ओपीडीतल्या बाईंचं काय? त्यांचं निदान झालेलं आहे, थेंब चालू आहेत, आणि तरी डाग पसरतोय. खरं म्हणजे डोळ्यातला संवेदक त्यांच्यासारख्यांसाठीच आहे. तो हाती येईपर्यंत डॉक्टर त्यांना दिवसभर बसवून दर दोन-तीन तासांनी प्रेशर मोजतात, एकदा आडवं झोपवून मोजतात, शीर्षासन करता का ते विचारतात, आणि थेंब बदलून रात्रीही काम करणारे देतात. बाई फाइल बंद करतात. पुढच्या भेटीची तारीख तीन महिन्यांनंतरची असते, वेळ सकाळी साडेसातची. या खेपेला ती मुद्दाम लवकरची घेतलेली आहे.